गुणाजीभाऊंचा ठिपका

माझ्या पहिल्याच पत्रकातले एकोणीस शब्द गुणाजीभाऊंनी खोडले. 'नरसंहार' गेला. 'रक्तपिपासू' गेला. 'शेकडो कोवळे जीव' यावर मी फार खूश होते, तेही गेलं. मी भडकले. खाणीच्या ट्रकांची धूळ आमच्या वाड्यावर, आमच्या वस्तीवर पडते, घसे आमचे बसतात, आणि डिचोलीला सरकारी कचेरीसमोर टायपिंगचं दुकान चालवणारा हा वाळका माणूस माझे शब्द खोडणार? शिवाय तो फुकट टायप करून देत होता, त्यामुळे नीट भांडताही येईना.

"रक्तपिपासू कोण गो?" त्यांनी विचारलं.

"ट्रकवाले. म्हणजे ट्रकांचे मालक."

"पिताना बघलंस?"

"भाऊ, ती बोलायची पद्धत असते."

"मगे सभेत बोल. कागदार नको."

मूळचे ते दोडामार्गाकडचे. तरुणपणी एका खाणीच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून आले, खाण बंद पडली तेव्हा कचेरीतलं मराठी टाइपरायटर मागून घेतलं आणि दुकान थाटलं. दुकान म्हणजे एका दरवाजाएवढी खोली. टाइपरायटरवर धुतलेला पंचा, शेजारी संगणक, समोर गिऱ्हाइकासाठी एक कदेल, म्हणजे खुर्ची. पंखा होता, पण तो मी कधी फिरताना पाहिला नाही. "धूळ निजलेली आसा, कित्याक उठवतंस?" असं म्हणायचे. इतकी वर्षं डिचोलीत काढून मालवणी सोडली नव्हती. मी शाळेतलं मराठी झाडायचे, ते मालवणीत उत्तर द्यायचे, आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक आम्हा दोघांकडे बघून कोकणीत हसायचं.

त्यांचं मुख्य काम प्रतिज्ञापत्रांचं. रेशनकार्डावर 'सीता' आणि शाळेच्या दाखल्यावर 'सीताबाई' असेल, तर दोन्ही बाया एकच आहेत हे शपथेवर लिहून द्यावं लागतं. असले कागद करता करता त्यांना एक सवय जडली होती. कच्चा मजकूर हातात आला की शिसपेन्सिल घ्यायचे आणि वाक्यागणिक विचारायचे, "ह्यां कोणी बघल्यान?" सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं असेल तर वाक्यासमोर ठिपका. दुसऱ्याकडून ऐकलं असेल तर छोटा गोल. ठिपकाही नाही आणि गोलही नाही, ते वाक्य जायचं. गोलांची वाक्यं टायप करताना त्यात 'असे मला समजले' घालायचे. ठिपक्यांच्या वाक्यांत काहीच घालायचे नाहीत.

माझ्या त्या पत्रकात ठिपके आले दोन. तेवढेच.

"शेकडो पोरां म्हणतंस. किती? नावां सांग."

मला नावं सांगता येईनात. "जा, मोजून ये," म्हणाले. मी तणतणत गेले. आमच्या वाड्यावर दारोदार फिरले, कुठल्या मुलाला दम्याचा पंप लागतो ते विचारलं, पंप हातात घेऊन बघितले. सात मुलं निघाली. शेकडो लिहिलेल्या बाईला सातवर यायला किती लाज वाटते, ते सांगून समजायचं नाही. पण भाऊंनी सातही नावं वयासकट टायप केली, प्रत्येकासमोर ठिपका. तो कागद मी कचेरीत दिला तेव्हा साहेबाने पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली. गावातल्या लोकांचे आधीचे कागद तो वाचायच्या आतच फाइलला लावायचा.

त्यांच्या टायपिंगबद्दल सांगायला हवं. ते कीबोर्डकडे बघत नसत. कागदाकडेही नाही, पडद्याकडेही नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. माणूस बोलत असायचा आणि खाली त्यांची दहा बोटं आपापली चालायची, एखादी बाई बोलता बोलता भाजी निवडते तशी. एकदा मये गावची एक म्हातारी नवऱ्याच्या नावाचा काहीतरी दाखला करायला आली आणि मध्येच रडायला लागली. बोटं थांबली. ती सावरली, बोटं पुन्हा चालू. तिला कळलंसुद्धा नाही की तिचं बोलणं कोणी उतरवून घेतंय. उठताना म्हणाली, "आता बरयात मरे!" म्हणजे, आता लिहा की. ते म्हणाले, "लिवून झाला आये."

बाकी देह मात्र सगळा तक्रारीचा. लहानपणापासून कोपराच्या घडीत खाज, पावसात दमा, सकाळी उठल्यावर शिंका. शिंका बरोबर बारा. "बारा होवंदेत, मगे बोल," असं हात वर करून सांगायचे आणि गिऱ्हाईक मनात मोजत बसायचं. सुंगटं म्हणजे कोळंबी, कुर्ल्या, तिसऱ्या, काही चालायचं नाही. ओठ सुजायचे. नुस्त्याच्या, मासळीच्या गावात जन्म काढायचा आणि डाळभात खायचा! आमच्या पत्रकांचा बोभाटा झाला तेव्हा एका वाहतूक कंत्राटदाराचा माणूस त्यांच्या दुकानात हातभर लांब सुंगटांचा डबा घेऊन आला होता. भाऊंनी तो झाकणासकट परत केला. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या इमानदारीचं केवढं कौतुक केलं. तर म्हणाले, "अर्धी इमानदारी अॅलर्जीची. काजू हाडले आसते तर सांगूक येणा नाय."

भाऊ आणि शैलावहिनी आमच्याच वाड्यावर राहायचे, रस्त्याला लागून. बंद खाणींवरचं लिलावात विकलेलं जुनं खनिज ट्रकांतून पुन्हा वाहू लागलं तेव्हा त्यांचं घर पहिलं लाल झालं. दिवाळी उलटली आणि ट्रकांची रांग सकाळी सुरू व्हायची ती दिवस मावळेपर्यंत. ताडपत्री अर्धी उडालेली, पाणी मारणारा टँकर कागदावर. भाऊंना दोनदा श्वासाचा त्रास झाला. मग आम्ही ठरवलं, भाऊंना वाचवायचं. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या गटातले चौघं. आम्ही त्यांच्या सगळ्या जनेलांना, म्हणजे खिडक्यांना, प्लास्टिक ठोकलं आणि वर गोणपाट टांगलं. गोणपाट दिवसातून तीनदा भिजवायचं, म्हणजे धूळ त्यावर बसेल. भिजवायची पाळीसुद्धा लावून घेतली होती. मी स्वतः बादल्या ओतल्या आहेत. घर कसं गार झालं म्हणून खूश झाले होते.

"बरं वाटतं ना भाऊ?"

"होय गो. गारेगार." आणि बारा शिंका.

शिमग्याच्या सुमाराला एक प्रतिज्ञापत्र कचेरीतून परत आलं. सर्वे नंबरात एक आकडा चुकला होता. भाऊंचा कागद परत आला ही आमच्या डिचोलीत बातमी होती. आठवड्याने दुसरा आला. मी दुकानात गेले तर ते मान खाली घालून कीबोर्डकडे बघत होते, आणि एकेक बोट असं ठेवत होते की जणू खालची कळ तिथेच असेल याची खात्री नाही.

"काय झालं?"

"हातात मिरची लागल्यासारखी वाटता," ते म्हणाले. "आणि वरसून कायच वाटणा नाय. कळ दाबली काय नाय, ता कानान आयकूचा लागता."

तळहातांची आग महिनाभर चालू होती. पायांच्या तळव्यांनाही मुंग्या. कोणाला सांगितलं नव्हतं. पहिला डॉक्टर म्हणाला साखर असेल, साखर नव्हती. दुसऱ्याने मानेला पट्टा दिला. तिसऱ्याने वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं की या वयात माणसं मनाला लावून घेतात, काम कमी झालं की असं होतं. मी तिथे नव्हते हे त्या डॉक्टरचं नशीब. ज्या माणसाने आयुष्यभर 'कोणी पाहिलं' विचारून कागद केले, त्याच्या स्वतःच्या हातांवर कोणी विश्वास ठेवेना, कारण आग कोणाला दिसत नव्हती.

शेवटी मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठी. तिने भाऊंचं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. खाज कधीपासून, दमा कधीपासून, सुंगटांनी काय होतं, घरात काय वास येतो, सगळं. मग मानेचा एमआरआय, रक्त, हातावर सुया टोचून कशाकशाची अॅलर्जी आहे ते. वहिनींना तिने कागदावर चित्र काढून समजावलं: मणक्यांच्या आतून जो मज्जारज्जू जातो त्याला मानेपाशी सूज आहे. जंतू नाहीत, गाठ नाही. जी अॅलर्जी त्वचेत आणि छातीत होती, तिनेच ही सूज आणलेली दिसते. फार कमी जणांना होतं. औषधाने उतरेल, किती उतरेल ते आज सांगता येणार नाही.

भाऊ इस्पितळात असतानाच जनसुनावणीची नोटीस लागली. ट्रक आमच्या वाड्यावरूनच जाऊ द्यायचे का, यावर लोकांचं म्हणणं ऐकणार होते. आम्हाला एक माणूस हवा होता. सात मुलांचे पंप होते, पण पंपाकडे बघून कोणी हादरत नाही. आणि इथे आमच्याच भाऊंचे हात गेले होते. मी बसले आणि एका बैठकीत लिहून काढलं: 'खनिजाच्या धुळीने गुणाजीभाऊंचा पाठीचा कणा पोखरला!' पेन्सिल हाताशी नव्हती. म्हणजे होती, मी घेतली नाही. शेजारच्या साखळी गावात दुसऱ्या दुकानात टायप केलं, पाचशे प्रती काढल्या, बसथांब्यापासून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत सगळीकडे चिकटवल्या.

पाच दिवस शिरेतून औषध घेऊन भाऊ घरी आले. आग निम्मी झाली होती. बोटांची जाण मात्र परतली नव्हती. त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, पाठ थोपटतील. मेजावर माझं पत्रक होतं, बसथांब्यावरून सोलून आणलेलं, मागे अजून खळ.

"बस हयसर. चाय घे. शैला, तिका उंडो दी." मी उंडा, तो कडक गोल पाव, चहात बुडवला. "ह्यां कोणी बघल्यान?"

"भाऊ, तुमचे हात सगळ्यांनी बघितलेत."

"हात बघले. धूळ मानेत शिरताना कोणी बघली? आणि कणो माझो बरो आसा. आतली दोरी सुजली, कणो न्हय. एका वाक्यात दोन खोटां."

"पण अॅलर्जी आहे ना? धुळीची अॅलर्जी!"

"खयच्या धुळीची?"

तपासणीच्या कागदावर लिहिलेलं होतं. घरातल्या धुळीत, गादी-उशीत जे डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, त्यांची. लोहखनिजाचं नाव कागदावर कुठेही नव्हतं. मी ते वाचलं होतं. पत्रक लिहायच्या आधी वाचलं होतं.

"ट्रकांच्या धुळीने काहीच केलं नाही असं डॉक्टरने कुठे लिहिलंय?" मी आवाज चढवला. "दोन दिवसांनी सुनावणी आहे. तिकडे वकील बसणार आहेत. आम्ही काय, ठिपके मोजत बसायचं?"

"वकील बसतले म्हणानच सांगतंय. तो माझो कागद काढतलो, सगळ्यांसमोर वाचतलो. मगे तुझी ती सात पोरां पण खोटी ठरतली. त्यांचे पंप मी टायप केलंय. त्यांका कित्याक बुडवतंस?"

एवढं बोलून त्यांना धाप लागली. वहिनी इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "आणि ती गोणपाटां? ता सांगा तिका."

"शैला."

"कित्याक नाय सांगूचा? डॉक्टरणीन इचारल्यान, घरात ओल आसा काय. मी म्हटलंय, पोरां येतत आणि दिवसाक तीनदा पाणी वततत. तिना कपाळार हात मारल्यान. ओलीत ते किडे वाढतत म्हणे. जनेलां बंद, ऊन नाय. आणि गादी भायर घालूची तर ट्रकांची लाल माती बसता. दिवाळीपासून आमची गादी उन्हात गेली नाय गो."

मी हातातला उंडा बशीत ठेवला. मी भाऊंकडे बघितलं. "तुम्हाला वास येत होता?"

"ओलीचो? येय होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी पाळी लावून येय होतात," ते म्हणाले. "कॉलेज करून, बादल्यो घेवन. सांगूक जीव होवंक नाय."

मी उठून बाहेर गेले आणि गोणपाटं ओढून काढली. खिळ्यांसकट. प्लास्टिकही. आत आले तेव्हा घरात ऊन पडलं होतं आणि भाऊ संगणकाकडे सरकले होते. मी टायप करते म्हटलं. नको म्हणाले. माझा कागद, मीच करणार. दहाला बसले. मान खाली, दोन बोटं, प्रत्येक अक्षरानंतर पडद्याकडे बघून खात्री. दीड वाजता चार ओळी झाल्या. मधल्या वेळात मी गावभर फिरून माझी पत्रकं सोलत होते. सगळी निघाली नाहीत. बसथांब्यावर 'पोखरला' एवढं अजून आहे.

सुनावणीला मंडप भरला होता. भाऊंनी कागद वाचला. वाहतूकवाल्यांचा वकील तयारच होता.

"तुमच्या आजाराला आमची धूळ कारण आहे, असं तुमचं म्हणणं आहे?"

"म्हायत नाय," भाऊ म्हणाले. "डॉक्टर सांगतत, अंथरुणातल्या किड्यांची अॅलर्जी."

आमच्या गटातल्या एकाने डोक्याला हात लावला. वकील हसला. "मग तुमची तक्रार काय?"

"गादी उन्हात घालूक गावणा नाय."

मंडप हसला. साहेबसुद्धा हसले. भाऊ थांबले, हसणं संपेपर्यंत, बारा शिंका संपायची वाट बघतात तसे.

"डॉक्टरणीन लिवून दिल्यान, गादी आठवड्यान उन्हात घाल, नायतर आजार परत उठतलो. भायर घातली की लाल होता. दिवाळीपासून एकय दिवस घातलेली नाय. ह्यां मी बघलंय."

मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "आमचीय." मग दुसरी. मग ज्या सात मुलांचे पंप होते त्यांतल्या एकाची आई उभी राहिली आणि तिने उशा, चादरी, पापड, मिरच्या, काय काय बाहेर घालता येत नाही त्याची यादीच म्हणायला सुरुवात केली. आता कोणी हसत नव्हतं. साहेब लिहून घेत होते. इतकी वर्षं पत्रकं काढली, पण साहेबाला स्वतःच्या हाताने लिहिताना मी तेव्हाच पाहिलं.

मिळालं काय? रविवार. पुढच्या हंगामापासून रविवारी आमच्या वाड्यावरून ट्रक नाहीत, आदल्या संध्याकाळी रस्ता धुवायचा. आठवड्यातले सहा दिवस ते अजून वाहतात. ही भीक आहे, असं मी सभेत म्हटलं आणि आजही म्हणते. पण ते कागदावर लिहिताना मी 'भीक' लिहीत नाही. 'एक दिवस' लिहिते.

पुढच्या हंगामात भाऊंनी काम पुन्हा धरलं, थोडंथोडं. पद्धत उलटी करावी लागली होती. आधी माणसाचं सगळं म्हणणं तोंडाकडे बघत ऐकून घ्यायचे, हात मांडीवर. तो उठून चहाला गेला की मान खाली घालून टायप. आग कधी चढायची, कधी उतरायची. थंडीत वहिनींच्या माहेरून निरोप आला, त्यापाठोपाठ वहिनींचे थोरले बंधू दोघांना न्यायलाच आले. दोडामार्गाकडे घर आहे, अंगण आहे, ट्रक नाहीत. मी जाऊ नका म्हटलं नाही. काय तोंडाने म्हणणार होते?

जायच्या आदला दिवस रविवार होता. रस्ता धुतलेला. वाड्यावरच्या सगळ्या वईंवर, म्हणजे कुंपणांवर, पायऱ्यांवर, एका स्कूटरवरसुद्धा गाद्या पसरलेल्या होत्या. कापसाच्या, फोमच्या, ठिगळांच्या गोधड्या. भाऊंची गादी पायरीवर होती आणि ते शेजारी उकिडवे बसून तिच्यावर गाल टेकवत होते. एकदा उजवा, मग डावा. मी बघतच राहिले.

"काय करताय?"

"तापली काय बघतंय. हातांचा काय खरां नाय. ते सदाच गरम सांगतत." त्यांनी गाल उचलला, त्यावर गादीच्या शिवणीची रेघ उमटली होती. "गालाकय नीट कळणा नाय आता, ऊन तोंडार घेतलंय म्हणान. तापली काय गो?"

"तापली की," मी म्हटलं. "केवढं ऊन आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मान खाली न घालता, सरळ तोंडाकडे, टायप करताना बघायचे तसं.

मी खाली बसले आणि दोन्ही हात गादीवर ठेवले. मधोमध, मग कडेला, मग उलटून खालच्या बाजूला.

"वरून तापलीय," मी सांगितलं. "खालून अजून गार आहे."

"मगे परत," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी गादी उलटली.